पास्टर वचन दाखवून गप्प बसवत असतील तर ते वचन कसं तपासायचं

मंडळीत काही विचारलं की "अभिषिक्ताला (म्हणजे देवाने तेल लावून निवडलेल्या माणसाला, इथे पास्टरला) हात लावू नका" असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि आधीच सांगते, प्रश्न विचारणं हे पाप नाही.

पहिलं काम म्हणजे बायबल स्वतः उघडा, व्हॉट्सअपवर आलेली एक ओळ धरून बसू नका, वरची दहा वचनं वाचा खालची दहा वाचा आणि एकच गोष्ट शोधा, हे कोण कोणाला म्हणतंय? अभिषिक्तांचं ते वचन स्तोत्र १०५:१५ मधे आहे, १ इतिहास १६:२२ मधे पण तेच आहे. तिथे देव राजांना दम देतोय, की अब्राहाम, इसहाक, याकोब ही मूठभर परकी माणसं या देशातून त्या देशात फिरतायत, त्यांना त्रास देऊ नका. म्हणजे सांगितलंय सत्तावाल्यांना, आणि तेही दुबळ्यांच्या बाजूने! तेच वचन आज स्टेजवरून एखाद्या विधवेला गप्प करायला वापरतात, याचा मला फार राग येतो.

"बंडखोरी म्हणजे जादूटोण्याइतकं पाप", हे १ शमुवेल १५:२३. शमुवेल संदेष्टा हे कोणाला म्हणाला? शौल राजाला, म्हणजे खुद्द पुढाऱ्याला. मग म्हणतात शौल अभिषिक्त राजा होता म्हणून दावीदाने त्याला हात लावला नाही, बरोबर आहे, लावला नाही, पण २४ वा अध्याय पूर्ण वाचा ना, दावीद गुहेबाहेर येऊन शौलाला मोठ्याने हाक मारून विचारतो की माझा काय अपराध, माझ्या मागे का लागलात, आणि नंतर तो शौलाबरोबर परत जात नाही, आपल्या माणसांना घेऊन गडावर जातो. मारलं नाही पण बोलला, आणि लांब राहिला.

इब्री १३:१७, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा. त्याच वचनात पुढाऱ्यांना हिशोब द्यायचाय हेही आहे, ते सहसा वाचत नाहीत. त्याच्या शेजारी १ पेत्र ५:३ ठेवा (कळपावर धनीपण करू नका) आणि गलती २:११ पण, तिथे पौल पेत्राला, म्हणजे मोठ्या पुढाऱ्यालाच, तोंडावर चुकीचं म्हणतो.

हे किती लांब जाऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकातली अमेरिकेतली शेफर्डिंग चळवळ. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचे पाच शिक्षक, त्यात डेरेक प्रिन्स आणि बॉब ममफर्ड होते. प्रत्येकावर एक "मेंढपाळ", लग्न, नोकरी, घर अशा गोष्टीही त्याला विचारून, दशांशही (कमाईचा दहावा भाग) त्यालाच. सुरुवात वाईट हेतूने झाली असं मला वाटत नाही, पण विचारणारं कोणी उरलंच नाही. पुढे प्रिन्स बाहेर पडले, ममफर्डनी १९८९ मधे जाहीर माफी मागितली, तोपर्यंत कित्येक घरं विस्कटली होती.

आता तुम्ही काय करायचं, तर काय बोललं गेलं ते तारखेसकट वहीत लिहा. एकटं भेटायला जाऊ नका, १ तीमथ्य ५:१९ मधे दोन-तीन साक्षीदार सांगितलेत आणि पुढच्याच वचनात पाप करणाऱ्या वडिलांना (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना) सर्वांसमोर दोष द्या असं आहे, ते वचन पण सोबत न्या. ऑडिट झालेला हिशोब मागा. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं" असं कोणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, १ थेस्सलनी ५:२१ सांगतं सगळं पारखून घ्या. मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर मात्र मंडळीच्या मीटिंगची वाट बघायची नाही, सरळ पोलिसात जायचं.

आणि "तुम्हाला काय कळतं" म्हणाले तर पंडिता रमाबाई आठवा. १९०५ मधे त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमधे मोठं संजीवन (विश्वासाची नवी जागृती) झालं, आणि त्याच बाई साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

सोडायचं ठरलं तर मंडळीबाहेरच्या दोन माणसांना आधी सांगून ठेवा, कारण ओळखीचे सगळे तिथलेच असतात आणि एका रविवारात फोन यायचे बंद होतात. पहिले काही महिने घरीच प्रार्थना केलीत तरी चालेल, नवीन मंडळी शोधायची घाई नको.