रिसर्च पेपरची सुरुवात कशी करायची? विषय सोडा, आधी प्रश्न शोधा

जुलै लागला की मला फोन यायला लागतात, ताई विषय सुचव ना, सोमवारी टायटल द्यायचंय. मी स्वतः टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एमएचं डिसर्टेशन आणि त्यानंतर काही पेपर केलेत, शिवाय दरवर्षी ओळखीतल्या सात-आठ पोरापोरींचं काम पहिल्या दिवसापासून बघते, त्यामुळे खात्रीने सांगते की पेपर बिघडतो तो पहिल्या तीन आठवड्यांतच, लिहायला बसल्यावर ते फक्त उघडं पडतं. म्हणून हा लेख तेवढ्या तीन आठवड्यांबद्दलच. समास किती, फॉन्ट कुठला, संदर्भ कसे द्यायचे हे सगळं डिपार्टमेंटच्या कागदावर असतं, ते तिथे बघून घ्या.

विषय निवडणं सोपं आहे. ज्याबद्दल तुम्हाला मनापासून काहीतरी वाटतं आणि ज्याच्यासाठी लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येईल असं काहीतरी घ्या. डबेवाले घेऊ नका, त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की तुमच्यासाठी जागाच उरलेली नाही.

आता खरी अडचण, विषयाचा प्रश्न करणं. इथे मी स्वतः पार अडकले होते म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही कुर्ल्याचे. २६ जुलै २००५ ला मी सातवीत होते, पाणी घरात शिरलं तेव्हा बाबांनी मला आणि धाकट्या भावाला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं आणि रात्रभर आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो, किती बुडाल्या, किती उरल्या. त्यामुळे टीवायला विषय कुठला हा विचारच करावा लागला नाही. टायटल दिलं 'मुंबईतील पूरसमस्या : कारणे व उपाय'. दीड महिना राबून चाळीस पानं जमवली. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओव्हरफ्लोपासून निघून माहीमच्या खाडीला कशी मिळते, ब्रिटिशांच्या काळातली गटारं, भरतीचं पाणी, नाल्यांवरची अतिक्रमणं, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. मॅडमनी फाईल शांतपणे वाचली आणि विचारलं, "यात तू काय शोधलंस?" मला एक वाक्य बोलता आलं नाही. सगळी माहिती खरी होती पण ती आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली होती, मी फक्त एका जागी आणली होती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की टायटलमध्ये 'कारणे व उपाय', 'समस्या आणि आव्हाने' किंवा 'एक अभ्यास' हे शब्द आले की समजायचं प्रश्न सापडलेला नाही. कारणं शोधायची आणि वर उपायही द्यायचे, हे काम मोठमोठ्या समित्यांना वर्षभर पुरतं, तुमच्या हातात एक सेमिस्टर आहे.

आणि तो सल्ला, "आधी भरपूर वाच, प्रश्न आपोआप सुचेल", तो कृपा करून कुणी कुणाला देऊ नका. मी भरपूरच वाचलं होतं. नुसतं वाचत गेलं की सगळंच पटत जातं आणि विचारायला काही उरत नाही.

प्रश्न सापडतो तो एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर. मॅडमनी मला तेच करायला लावलं. २६ जुलैच्या त्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ही संख्या प्रत्येकाला पाठ आहे. पण त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. एकच शहर, एकच दिवस. मी चाळीस पानांत जिथेतिथे 'मुंबईत पाऊस झाला' असं लिहिलं होतं, म्हणजे कुठल्या मुंबईत? दुसरी गोष्ट, पुरानंतर, नाले तुंबतात म्हणून राज्यात पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलाय, त्यात भरती, आणि लोकांच्या तोंडी विषय पिशव्यांचा. मग दोष कुणाकुणावर गेला, आणि कधी गेला? हा विचार डोक्यात आला तेव्हा पहिल्यांदा मला असं काहीतरी मिळालं ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

तुम्हीही तसंच करा. विषयातल्या न जुळणाऱ्या गोष्टी वहीत हाताने लिहा, दहा-बारा तरी, आणि प्रत्येकीखाली एकच प्रश्न. मग जो धरावासा वाटतो त्याला जागा, काळ आणि साहित्य (म्हणजे ज्यात उत्तर शोधायचं ते कागद, बातम्या) या तिन्ही बाजूंनी आवळत न्या. माझा असा आवळला गेला: २७ जुलैपासूनच्या पहिल्या पंधरा दिवसांत दोन मराठी दैनिकांनी पुराचा दोष कुणावर ठेवला, पावसावर, महापालिकेवर, मिठीकाठच्या झोपड्यांवर की प्लास्टिकवर? पंधरा दिवस, दोन दैनिकं, मोजता येणाऱ्या बातम्या. चाळीस पानांच्या मानाने हे फारच किरकोळ वाटलं, लाजच वाटली खरं तर. लहान प्रश्नाची लाज वाटणं हाच या टप्प्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे, तिला घाबरून पोरं परत प्रश्न फुगवतात आणि पुन्हा 'मुंबईतील पूर' वर जाऊन बसतात. फुगवू नका.

प्रश्न बरा आहे का हे मी अजूनही तीनच गोष्टींवर बघते. उत्तर वेगळं निघू शकतं का? म्हणजे शेवटी काय लिहिणार हे आजच ठरलेलं असेल तर तो प्रश्न टाकून द्या, ते तुमचं मत आहे. उत्तर कुठल्या कागदावर बोट ठेवून दाखवणार? आणि विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला तो एका दमात सांगता येतो का? मी आईला सांगितला, ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "म्हणजे पेपरवाल्यांनी कोणाच्या नावाने खडे फोडले ते बघणार ना?" तिला कळला म्हणजे झालं.

यानंतर लगेच, टायटल देण्याच्या आधी, साहित्य खरंच हाताला लागतं का ते स्वतः जाऊन बघा. जुनी मराठी पुस्तकं-मासिकं हवी असतील तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, सरकारी जुने कागद हवे असतील तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. आधी फोन करून वेळ विचारा, कॉलेजचं पत्र आणि आयडी बरोबर ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा प्रश्न फार छान होता पण तो सगळा एका कार्यालयातल्या फायलींवर उभा होता आणि दोन महिने तिला 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच ऐकायला मिळालं, शेवटी दिवाळीत प्रश्न बदलावा लागला. कागद हातात येईपर्यंत प्रश्न पक्का मानू नका.

आधीचं काम बघायला शोधगंगा या वेबसाइटवर जा, तिथे देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात. पूर्ण प्रबंध वाचत बसू नका, पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचा, शेवटी संशोधकाने स्वतःच लिहिलेलं असतं की कशाला हात लावता आला नाही, प्रश्नासाठी ती दोन पानं सोन्यासारखी. पाचसहा लेख-प्रबंध पुरेत, प्रत्येकासाठी एक पान, त्यात पान नंबरसकट टिपण. चॅटजीपीटीने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घालू नका, नसलेली पुस्तकं तो लेखकाच्या नावासकट देतो आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मान खाली तुमची जाते.

वेळापत्रक सबमिशनच्या तारखेपासून उलटं मांडा आणि गणपतीचे दिवस आधीच वगळा.

मग एकच पान तयार करा. वर प्रश्न, त्याखाली तो कुठल्या न जुळणाऱ्या गोष्टींतून आला ते चार ओळींत, मग साहित्य कुठे आहे आणि त्यातलं काय प्रत्यक्ष बघून आलात, आणि शेवटी यात काय करणार नाही ते. हा शेवटचा भाग पोरं गाळतात, पण गाईड नंतर "उपाय पण घाल, सर्व्हे पण घाल" म्हणायला लागले की तोच कामाला येतो. पान व्हॉट्सॲपवर पाठवू नका, प्रिंट काढून समोर बसून दाखवा, त्यांनी सुचवलेला बदल त्याच कागदावर त्यांच्याच पेनाने लिहून घ्या, खाली तारीख आणि सही घ्या आणि फोटो काढून ठेवा.