घाटातल्या पावसासाठी ताकदवान गाडीचे टायर घेताना या चुका टाळा

साताऱ्यात हल्ली 150 ते 250 हॉर्सपॉवरच्या गाड्या सर्रास दिसतात. व्हर्टस जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, थ्री सीरिज. गाडी घेताना शून्य ते शंभरचा आकडा तोंडपाठ असतो, पण टायर बदलायची वेळ आली की दुकानदार पुढे करेल तो टायर घालून मंडळी मोकळी होतात. आणि जुलैमध्ये हीच गाडी यवतेश्वरचा घाट चढून कासला निघते.

आपल्या एकाच जिल्ह्यात माण-खटावला वर्षभरात जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि महाबळेश्वरला 5,000 च्या वर. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली या सगळ्या घाटांत पावसाळ्यात डोंगराकडून तांबडं पाणी रस्ता ओलांडून वाहत असतं. त्यामुळे माझं मत अगदी ठाम आहे: सातारकराने टायर निवडताना आधी ओल्या रस्त्याचा विचार करावा. बाकी सगळं त्यानंतर.

मऊ रबर म्हणजे ग्रिप, हा समज

यातूनच दोन उलट टोकांच्या चुका होतात. कुणी ट्रॅकसाठी बनवलेला सेमी-स्लिक टायर बघतो, कुणी परदेशातल्या भाच्याच्या सल्ल्याने विंटर टायर शोधू लागतो.

विंटर टायर ही उत्तम चीज आहे, पण तिच्या जागी. त्याचं रबर साधारण 7 अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवलेलं असतं, आणि नक्षीत बर्फ धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा असतात. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला तशी चाचणी लागत नाही. जर्मनीत तर ऑक्टोबर 2024 पासून बर्फाळ रस्त्यावर हे डोंगराचं चिन्हच ग्राह्य धरतात. म्हणजे भाचा स्टुटगार्टला असेल तर त्याचं बरोबर आहे. पण तोच टायर साताऱ्यातल्या तापलेल्या डांबरावर खोडरबरासारखा झिजतो, वळणावर लिबलिबतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते. वेण्णा लेकच्या काठावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे हिमकण दिसतात हे खरं, पण दोन-चार पहाटांसाठी कुणी टायरचा सेट बदलत नाही. त्या दिवशी पहिले काही किलोमीटर सावकाश काढा, एवढंच.

सेमी-स्लिकचं दुखणं वेगळं. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप 2 सारख्या टायरवर खोबणी कमी असतात, कारण तो मुळात कोरड्या ट्रॅकसाठी आहे. खोबणीच कमी तर पाणी जाणार कुठून? आपल्याला हवा तो रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर, ज्याला रुंद उभ्या खोबणी आहेत. युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी दिलेली असते. मॉडेल आणि साइज टाकून ती नेटवर सापडते. ए किंवा बी असेल तरच पुढचं बोलणं करा.

रुंद टायर घातला की काम झालं

205 मिलिमीटर रुंदीच्या जागी 225, 17 इंची रिमच्या जागी 19. दिसायला झकास. पण रुंद टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. शिवाय 35 प्रोफाइलची (उंची रुंदीच्या फक्त 35 टक्के) साइडवॉल पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात आपटली की फुगा आलाच. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. कंपनीने दिलेल्या साइजांपैकी लहान रिमचा पर्याय असेल तर पावसाळ्यासाठी मी डोळे झाकून तो सुचवेन. फक्त मोठे ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारे जबडे) त्या रिममध्ये बसतात का, तेवढं आधी बघून घ्या.

पावसात हवा कमी ठेवणं

हा सल्ला पंपावर हमखास मिळतो आणि तो घातक आहे. नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून एक ढोबळ सूत्र दिलं. त्या हिशेबाने 33 पीएसआय हवेच्या दाबाला टायर ताशी 95 किलोमीटरच्या आसपास पाण्यावर उचलला जातो, 25 पीएसआयला साधारण 83 वरच. मोटारीत हा आकडा नक्षीची खोली आणि रुंदीप्रमाणे बदलतो, पण दिशा तीच: हवा कमी, तर टायर लवकर तरंगणार. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. टायर गार असताना तेवढी भरा.

बाहेरून नक्षी बघून समाधान मानणं

दुकानात उभं राहून टायर बघितला की बाहेरची कड दिसते. स्पोर्ट सस्पेन्शनच्या किंवा खाली बसवलेल्या गाड्यांची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, पुढच्या चाकामागे हात घाला आणि आतल्या कडेवरून बोटं फिरवा. बाहेर 4 मिलिमीटर नक्षी आणि आत चक्क गोटा, कधी तारही हाताला लागते. असं निघालं तर नवीन टायरआधी अलाइनमेंट करा, नाहीतर नवा सेटही त्याच वाटेने जाईल.

कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. खोबणीतल्या बारीक उंचवट्यांना नक्षी भिडली की ती आलीच. पण घाटातल्या पावसाला ही मर्यादा पुरत नाही. 3 मिलिमीटरवर आलात की जूनची वाट बघू नका.

दोनच नवे घेऊन पुढे घालणं

गाडी पुढच्या चाकांवर चालते, मग नवे पुढेच, असा सरळ हिशेब बहुतेक जण करतात. आता उतारावरच्या वळणाचा विचार करा. ब्रेकवर पाय पडला, वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, आणि तिथेच झिजलेले टायर. वळणाच्या मध्यावर पाण्याचा ओहोळ आला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. पुढची चाकं सुटली तर स्टिअरिंग हलकं पडतं, एक्सलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरता येतं. मागची सुटली तर सामान्य चालकाला वेळच मिळत नाही. म्हणून दोन घेतले तर नवे मागे. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर चारही बदला. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरात फरक पडून चाकांना ताकद वाटून देणाऱ्या क्लच-डिफरन्शियलवर सतत ताण येतो. आणि लक्षात असू द्या, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे खेचायला मदत करतो, थांबवायला नाही.

तारीख न बघता बिल करणं

जून 2020 पासून नव्या टायरची आयात परवान्यावर आहे, त्यामुळे मोठ्या साइजांची निवड कमी आणि जुना माल गळ्यात पडण्याची शक्यता जास्त. साइडवॉलवरच्या 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक वाचा. 3225 म्हणजे 2025 चा 32 वा आठवडा. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, ती बाजू आत गेली तर नंतर दिसत नाही, म्हणून बसवायच्या आधीच चारही टायर बघा. साइजच्या पुढे लिहिलेलं 94डब्ल्यू म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 670 किलो भार आणि ताशी 270 किलोमीटर वेग. 'आपण कुठं एवढं पळवतोय' म्हणून कमी वेगश्रेणीचा घेऊ नका. ती श्रेणी टायर किती उष्णता सोसतो हेही सांगते.

बसवताना 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच आहे ना, आणि बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. हायवेला लागल्यावर ठराविक वेगात स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग परत करून घ्या. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जातो. तेवढं अंतर पुणे-सातारा हायवेवर कोरड्यात काढा, शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि मग कासला जा.