बारा जणांचं अभ्यासमंडळ: पुस्तकातलं वागण्यात आणि ग्रामसभेत कसं आणायचं

अठराव्या शतकातला अमेरिकेतला छपाईवाला आणि राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन याच्या आत्मचरित्रात तेरा गुणांचा एक तक्ता आहे. आठवड्याला एक गुण घ्यायचा, चुकलं की त्या दिवसाच्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात अशा चार फेऱ्या. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत हा तक्ता पुन्हा पुन्हा येतो. पण त्याच आत्मचरित्रात १७२७ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या एका मंडळाची हकीकत आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. त्यात छपाईवाले होते, सुतार होता, दस्तांच्या नकला करणारा होता, जमीन मोजणारा होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. प्रत्येकाने चर्चेसाठी प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः निबंध लिहून वाचायचा, असा नियम होता. ठासून मत मांडलं किंवा दुसऱ्याचं म्हणणं तोंडावर खोडून काढलं, तर किरकोळ दंड भरावा लागे.

या मंडळातून ठोस गोष्टी उभ्या राहिल्या. १७३१ साली पन्नास वर्गणीदारांनी सुरुवातीला प्रत्येकी ४० शिलिंग आणि पुढे दरसाल १० शिलिंग देऊन वाचनालय काढलं. १७३६ साली आग विझवणाऱ्या नागरिकांचं पथक तयार झालं. आपण वक्ता म्हणून कच्चे होतो, तरी सभांमध्ये आपल्या शब्दाला वजन आलं ते सचोटीच्या खालोखाल ‘मला असं वाटतं’ म्हणून बोलायच्या सवयीमुळे, असं फ्रँकलिनने स्वतः लिहिलं आहे. तक्ता एकट्याला भरता येतो. ही सवय मात्र चारचौघांतच लागते, आणि लोकशाहीला तीच लागते. म्हणून असं मंडळ आपल्या गावात किंवा वस्तीत कसं चालवायचं, ते इथे सांगितलं आहे.

माणसं, जागा, वेळ

बारा ही वरची मर्यादा धरा. यापेक्षा जास्त माणसं झाली की नव्वद मिनिटांत सगळ्यांची बोलायची पाळी येत नाही आणि तीन-चार जण श्रोते होऊन जातात. आठच्या खाली गेलात, तर दोघं गैरहजर राहिली की बैठक बारगळते. एकाच पक्षाची, एकाच भावकीची किंवा एकाच शाळेतल्या शिक्षकांची माणसं घेऊ नका. सगळे आधीच एका मताचे असतील, तर मत बदलण्याचा सराव होणार कुणासोबत?

जागा ठरवताना घाई करू नका, निम्मी मंडळं इथेच फसतात. कुणाच्या ओसरीवर बसलात की ते त्या घराचं मंडळ होतं. समाजमंदिर एका वस्तीचं मानलं जात असेल तर दुसऱ्या वस्तीतली माणसं तिथे येत नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत. सार्वजनिक वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग बरा. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ ठेवलीत, तर स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या बायका येऊ शकणार नाहीत. रविवारी दुपारी तीनची वेळ ठेवून पाहा आणि ती बायकांना विचारूनच पक्की करा.

अध्यक्ष नेमू नका. दर आठवड्याला एक जण बैठक चालवेल आणि दुसरा टिपण लिहील, अशा पाळ्या लावा. अध्यक्ष झाला की सत्कार येतो, हार येतो, आणि वाचन मागे पडतं.

काय वाचायचं आणि कसं

तेरा आठवड्यांना दोन पुस्तकं पुरे. आठवड्याला २५ ते ३० पानं ठेवा. शेतीच्या हंगामात १५ वर या. एक पुस्तक स्वतःला घडवण्याविषयीचं आणि एक राज्यकारभाराविषयीचं घ्या, आणि पाळीपाळीने वाचा. पहिल्या फेरीला आत्मचरित्र उत्तम, कारण त्यात उपदेशासोबत माणसाचं वागणंही दिसतं आणि दोन्ही ताडून पाहता येतात. फ्रँकलिनच्या यादीत ‘न्याय’ हा गुण आहे, तरी त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. उतारवयात, १७८७ साली, तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. हे सगळं बैठकीत मांडा. ज्या यादीतून माणूस स्वतःला तपासतो, तिच्यातून कोण वगळलं गेलं आहे, हे विचारायला वाचकांनी शिकलं पाहिजे.

राज्यकारभारासाठी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणापासून सुरुवात करा. त्याला सलग तीन बैठका द्या, कमी नको. त्यात तीन इशारे आहेत. संविधानिक मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित क्रांतीचाच नव्हे तर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहाचाही मार्ग सोडावा. कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नये, कारण धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देईल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. पहिल्या इशाऱ्यावर मंडळात मतभेद होतीलच, कारण स्वातंत्र्यलढ्याची आठवण घराघरात आहे. तो मतभेद दाबू नका. दुसरा मुद्दा तर प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावा: आपण ज्या पुढाऱ्याला मानतो, त्याचा न पटलेला एक निर्णय कागदावर लिहायचा. ज्याला एकही सुचत नाही, त्याच्यासाठी पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.

घरी वाचताना प्रत्येकाने वहीत तीन गोष्टी लिहून आणायच्या: लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत चार ओळी, त्याला अडचणीत आणणारा एक प्रश्न, आणि या आठवड्यात करून पाहायची एक कृती. कृती मोजता आली पाहिजे. ‘संयम ठेवेन’ हे चालणार नाही, ‘घरातलं माणूस बोलत असताना मध्ये बोलणार नाही आणि चुकेन तेव्हा ठिपका देईन’ हे चालेल. पुस्तकाचा सारांश मोबाइलवर ऐकून येणारा चौथ्या प्रश्नाला उघडा पडतो, पण त्याला सगळ्यांसमोर टोचू नका. त्याच्याकडे पुढच्या वेळी टिपण द्या.

बैठकीतली नव्वद मिनिटं

पहिली दहा मिनिटं मागच्या कृतीचं काय झालं यासाठी. मग वीस मिनिटं मजकूर, मोठ्याने वाचून. पुढचा पाऊण तास चर्चा, आणि उरलेल्या वेळात काय ठरलं ते टिपणात लिहून सर्वांसमोर वाचायचं.

चर्चेचा नियम एकच पण कडक: विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, मी हेच म्हणत होतो’ असं म्हणाला तरच पुढे बोलायचं. सुरुवातीला हे संथ आणि अवघड वाटतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लोक तो सोडून द्यायला बघतात. सोडू नका. ‘प्रश्नच नाही’, ‘तुम्हाला काय कळतं’ अशा बोलण्याला पाच रुपये दंड ठेवा आणि जमलेल्या पैशांतून पुढचं पुस्तक घ्या. दंड मोठा ठेवलात तर माणसं बोलायचीच बंद होतात.

सगळ्यांत जास्त वाचलेला माणूस हा मंडळाचा मोठा धोका असतो. तो वाईट नसतो, पण त्याच्यापुढे बाकीचे गप्प बसतात. त्याने शेवटी बोलायचं, असं आधीच ठरवा. व्हॉट्सअ‍ॅप गट हवाच असेल तर फक्त वेळ, पानं आणि टिपण यांच्यासाठी ठेवा. वाद तिथे गेला की बैठकीतला आठवड्याभराचा सराव एका रात्रीत मोडतो.

सहाव्या आठवड्यापासून बाहेर

आता एक स्थानिक विषय घ्या, एकच. समजा गावातला अपुरा राहिलेला रस्ता. ‘रस्ता का झाला नाही?’ असा माहिती अधिकाराचा अर्ज केलात तर उपयोग होत नाही, कारण कायद्याने कागद मिळतो, खुलासा नाही. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा हुकूम), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि अदा केलेलं देयक, म्हणजे बिल, यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. हे दिवस टिपणाच्या वहीत लिहून ठेवा. मुदत हुकल्यामुळेच अनेक चांगले अर्ज वाया जातात.

मग ग्रामसभा. वर्षात किमान चार घ्याव्या लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही आणि मोजकीच माणसं ठराव करून मोकळी होतात. त्यामुळे पहिल्याच सभेला माणसं आणणं हे मंडळाचं खरं काम. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. मंडळातल्या बायकांनी विषय तिथे आधी मांडला तर त्याला जोर येतो. बोलणारा एकच ठरवा, कागद त्याच्या हातात द्या आणि ठराव इतिवृत्तात लिहून वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. शहरात राहणाऱ्यांना हाच सराव गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत करता येईल. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि १४ दिवसांची सूचना द्यावी लागते, तेवढ्या दिवसांत हिशेब वाचून होतो.

ग्रामसभेत हरलात तर पुढच्या बैठकीत विरोधकांचं म्हणणं आधी लिहा, त्याच नियमाने. त्यांच्याकडे एखादा खरा मुद्दा असतो, बहुधा जमिनीचा किंवा पूर्वी दिलेल्या शब्दाचा, आणि तो कागदांत दिसत नाही.

तेरा आठवडे टिकलेल्या मंडळाकडे आणखी माणसं येऊ पाहतात. तेव्हा बाराचे वीस करू नका. फिलाडेल्फियातही सभासद वाढवायची मागणी आली होती. त्याऐवजी प्रत्येकाने वेगळं मंडळ काढावं असं ठरलं आणि तशी पाच-सहा उभी राहिली. तुमच्यातल्या दोघांनी दुसऱ्या वाडीत जाऊन पहिली बैठक चालवावी आणि आपली टिपणाची वही त्यांना वाचायला द्यावी.