हिवाळ्यात लेन्सवर धुकं धरतं, त्यावर मला लागू पडलेला उपाय

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. पर्वतीवर किंवा सिंहगडावर तासभर बाहेर राहिलेला कॅमेरा तेवढाच गार होतो आणि घरात चहा उकळत असताना बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं. एसी बसमधून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरलात तरी तेच. तिथे गारवा एसीचा, दमट हवा बाहेरची.

उपाय साधा आहे, पण क्रम चुकवू नका. आत येण्याआधी, गार हवेतच, मेमरी कार्ड काढून घ्या (नाहीतर फोटो टाकायच्या घाईत पिशवी उघडली जाते). कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बाष्प मग पिशवीच्या बाहेरून धरतं. किमान ४० मिनिटं उघडू नका. जड झूम लेन्सला तास लागतो. पुड्यांमधले दाणे निळ्याचे गुलाबी झाले, की पुडीतून काढून कढईत मंद आचेवर गरम करा.

धरलेलं बाष्प पुसू नका, डाग पसरतात. हेअर ड्रायर तर नाहीच. लेन्सच्या आत ओल राहिली तर पुढे बुरशी येते, आणि ती काढणं महागात पडतं.

बॅटरीला इथली थंडी फारशी बाधत नाही. हिमाचलला जाणार असाल तर जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

बाहेर धुकं असताना कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो करडा येतो: एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +०.७ ते +१ वर ठेवा.