मी डावा की उजवा? राजकीय मत शोधताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी एक ऑनलाइन राजकीय टेस्ट दिली होती. रात्री उशिरा, आणि त्याच दिवशी एका सरकारी कामासाठी तिसरा हेलपाटा वाया गेलेला त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. अशा टेस्टच्या शेवटी एका तक्त्यावर ठिपका टाकून तुमची राजकीय जागा दाखवतात; माझा ठिपका आला थेट ‘सरकार जितकं कमी तितकं बरं’ वाल्या कोपऱ्यात. म्हटलं अच्छा, म्हणजे मी असा आहे तर. पुढे दीड-दोन महिन्यांनी सहज म्हणून तीच टेस्ट परत दिली, मधल्या काळात घरात एक आजारपण निघालेलं आणि सरकारी दवाखान्यात सगळं नीट पार पडलेलं, तर ठिपका पार दुसऱ्या बाजूला! मधे मी काही नवीन वाचलं नव्हतं, कुणाशी वाद घातला नव्हता. मत बदललंच नव्हतं हो, अनुभव बदलला होता आणि मी त्यालाच मत समजून बसलो होतो.

तेव्हापासून या विषयात मी स्वतः केलेल्या आणि ओळखीच्यांना करताना बघितलेल्या चुका इथे लिहितोय. क्रम वगैरे काही नाही, पण पहिली सगळ्यात मोठी आहे.

चूक : तीन प्रश्नांना एकच उत्तर देणं

आपल्या बोलण्यात ‘सरकार’ हा शब्द सगळ्याला चालतो. खिडकीवरचा क्लार्क म्हणजे सरकार, मंत्रिमंडळ म्हणजे सरकार, रस्ता खोदून ठेवणारे म्हणजे सरकार, कधीकधी तर कोर्टसुद्धा. मग ‘माझा सरकारवर विश्वास नाही’ असं कुणी म्हणालं की तो नेमका कशाबद्दल बोलतोय हे बरेचदा त्यालाही माहीत नसतं.

यात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत. एक, हे काम सरकारने करावं का? दोन, सध्या ते काम नीट होतंय का? तीन, सध्या खुर्चीत बसलेली माणसं मला पटतात का? तुमचं राजकीय स्थान म्हणतात ते मुख्यतः पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात असतं. दुसरा कामगिरीचा, तिसरा आवडीनिवडीचा. पण रागाच्या भरात आपण तिसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या रकान्यात लिहून मोकळे होतो.

समजा कुणी म्हणतंय की पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे द्या. का, तर पाणी वेळेवर येत नाही. ठीक आहे, पण हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता त्याला विचारा, उद्या हेच सरकारी खातं घड्याळ लावून पाणी सोडायला लागलं, बिलं बरोबर यायला लागली, तरी तुला ते खासगीच हवंय का? ‘हो, कारण मुळात हे सरकारचं कामच नाही’ असं म्हणाला तर ती भूमिका. ‘मग कशाला, आहे तेच चालू दे’ म्हणाला तर त्याची तक्रार होती, भूमिका नव्हती. तक्रार असण्यात काही वाईट नाही, पण तक्रारीवरून स्वतःला विचारसरणीचं नाव चिकटवू नका.

उलटीकडूनही तपासा, हे लोक विसरतात. जो अधिकार तुम्ही सरकारला खुशीने देऊ करताय, फोन तपासायचा म्हणा, एखादी गोष्ट छापायला बंदी घालायचा म्हणा, तोच अधिकार तुम्हाला अजिबात न आवडणाऱ्या लोकांच्या हातात गेलाय अशी कल्पना करा. लगेच पोटात गोळा आला? मग तुमचा पाठिंबा त्या अधिकाराला नव्हता, माणसांना होता. मी हे स्वतःवर करून बघितलं आणि माझी दोन ठाम मतं त्याच संध्याकाळी ढिली झाली, कुठली ते नाही सांगत.

डेव्हिड ईस्टन नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात असाच फरक मांडलाय. आत्ताच्या सत्ताधाऱ्यांच्या कामाबद्दलचा पाठिंबा वेगळा आणि एकूण व्यवस्थेबद्दलची, म्हणजे निवडणूक, कायदा, कोर्ट यांच्याबद्दलची खोलवरची आस्था वेगळी. पहिला पाठिंबा पार आटला तरी माणूस पुढच्या निवडणुकीत मत द्यायला जातोच, कारण दुसरी आस्था शिल्लक असते. ती पण गेली की मग प्रकरण वेगळं. त्यामुळे तुम्ही चिडलेले आहात तर नक्की कुठल्या मजल्यावर चिडलेले आहात ते आधी बघा.

चूक : टेस्टचा ठिपका म्हणजे आधारकार्ड समजणं

टेस्ट देऊ नका असं नाही म्हणत, मजा येते. पण ती कशी बनवलीय हे माहीत असू दे. पॉलिटिकल कंपास नावाची फेमस टेस्ट २००१ पासून आहे, त्यात ६२ विधानं असतात आणि प्रत्येकाला चारच पर्याय, ‘सांगता येत नाही’ हा पर्यायच नाही. म्हणजे ज्या विषयावर तुमचं काडीचं मत नाही तिथेही तुम्हाला एक मत तयार करून द्यावं लागतं, आणि तेही ठिपक्यात मोजलं जातं. दुसरी एक छोटीशी क्विझ आहे, फक्त १० प्रश्नांची, आणि ती वापरात आणली सरकार कमी असावं असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेने. त्यात बऱ्याच लोकांना आपण त्याच विचाराचे आहोत असा साक्षात्कार होतो यात नवल ते काय.

प्रश्न कसा विचारलाय यावर उत्तर किती हलतं याचं एक जुनं उदाहरण १९४० च्या आसपासचं आहे. अमेरिकेत काही लोकांना विचारलं, लोकशाहीच्या विरोधात भाषणं करायला ‘परवानगी द्यावी का’, तर ६२ टक्के म्हणाले देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं अशा भाषणांवर ‘बंदी घालावी का’, तर ४६ टक्केच हो म्हणाले. अर्थ एकच की! पण ‘बंदी’ हा शब्द कानाला कडक लागतो. म्हणून टेस्ट देताना एक करा, जे विधान पटकन ‘एकदम सहमत’ वाटलं ते उलटं करून स्वतःला परत विचारा. आणि रागात, झोपेत किंवा निवडणुकीच्या निकालाच्या रात्री टेस्ट देऊ नका.

त्यापेक्षा मला वेगळ्या प्रकारची साधनं बरी वाटतात. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून स्टेमवायझर आहे, जर्मनीत २००२ पासून वाल-ओ-मॅट. त्यात निवडणुकीतल्या खऱ्या मुद्द्यांवर पक्षांनीच उत्तरं दिलेली असतात आणि तुमची उत्तरं त्यांच्याशी जुळवून दाखवतात. ‘तू अमुकवादी आहेस’ असं सांगण्याऐवजी ‘या मुद्द्यावर तुझं त्यांच्याशी जुळतं, त्या मुद्द्यावर नाही’ एवढंच. शिवाय एखादा मुद्दा नको असेल तर तो सोडून देता येतो, आणि जो जास्त महत्त्वाचा वाटतो त्याला जास्त वजन देता येतं.

चूक : सगळं एका रेषेवर बसवायला जाणं

डावे-उजवे हा शब्द मुळात बसायच्या जागेवरून आलाय. १७८९ मध्ये फ्रान्सच्या सभेत राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद चालला होता, राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसायला लागले आणि विरोधातले डाव्या हाताला. बास, एवढीच त्याची सुरुवात. आता त्या दोन बाकांवर कर, शाळा, धर्म, पर्यावरण, परदेशातून येणारे लोक, इंटरनेटवरची प्रायव्हसी सगळं कोंबायचं म्हटल्यावर उतू जाणारच. म्हणून ‘मी करांच्या बाबतीत इकडचा आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याबाबतीत तिकडचा, मी कन्फ्यूज्ड आहे का’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, तू नाहीस, रेषा आखूड आहे.

चूक : आधी नाव बघणं, मग मत बनवणं

ही चूक मी करत नाही असं प्रत्येकाला वाटतं आणि तिथेच गंमत आहे. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकन विद्यार्थ्यांना गरिबांच्या मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक सढळ हाताची आणि एक कडक. त्यावर कुठल्या पक्षाचा पाठिंबा आहे हे फक्त बदललं. तर मुलं योजनेकडे न बघता पक्षाकडे बघून गेली. स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांना कडक योजनाही चालली, त्यांच्या पक्षाचं नाव असलं की. आणि नंतर विचारलं तर म्हणाले, छे, पक्षाचा काय संबंध, मी तपशील बघून ठरवलं.

त्याहून वरताण प्रकार स्वीडनमध्ये झाला, २०१० च्या निवडणुकीच्या वेळी. संशोधकांनी मतदारांकडून मुद्देवार प्रश्नावली भरून घेतली, मग हातचलाखीने त्यातली काही उत्तरं गुपचूप विरुद्ध बाजूची करून टाकली आणि त्यांनाच दाखवून विचारलं की हे असं का वाटतं. बदललेल्या उत्तरांपैकी फार तर २२ टक्के उत्तरंच लोकांच्या लक्षात आली. बाकीच्यांवर लोकांनी छान कारणं देत बसून स्वतःच्या मताच्या विरुद्ध बाजूचं समर्थन केलं. हे वाचून मला हसू आलं आणि दुसऱ्या मिनिटाला हसू गेलं.

उपाय साधाय पण कंटाळवाणा आहे. एखादा प्रस्ताव आला की कुणी आणलाय ते कळायच्या आधी मत लिहून ठेवायचं. बातमीत नाव आधीच येतं त्यामुळे नेहमी जमत नाही, मग निदान असं करा की हाच प्रस्ताव दुसऱ्या बाजूने आणला असता तर मी काय लिहिलं असतं ते दोन ओळींत उतरवा. आणि लिहाच, डोक्यात ठेवू नका, डोकं सोयीप्रमाणे आठवतं. दुसरं, तो प्रस्ताव कसा चालणार ते पायरी-पायरीने कुणाला तरी समजावून सांगा. पैसा कुठून येणार, अंमलबजावणी कोण करणार, कोण पळवाट काढणार. तिसऱ्या पायरीला अडखळलात तर तुमचं मत आहे त्यापेक्षा जास्त पक्कं वाटतंय तुम्हाला. २०१३ च्या एका अभ्यासात असं समजावून सांगायला लावल्यावर लोकांनी स्वतःच कबूल केलं की आपल्याला वाटलं होतं तेवढं कळत नाहीये.

चूक : ‘विश्वास आहे का’ याला हो किंवा नाही म्हणणं

विश्वास म्हणजे पाण्याच्या टाकीतली पातळी नाही की एवढी भरली, एवढी रिकामी. कुणावर आणि कशासाठी, हे दोन शब्द लावल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०२३ मध्ये ३० देशांत सर्व्हे केला, त्यात राष्ट्रीय सरकारवर बऱ्यापैकी किंवा जास्त विश्वास असणारे ३९ टक्के निघाले. पण त्याच सर्व्हेत पोलिसांवर विश्वास असणारे ६३ टक्के, कोर्टावर ५४, संसदेवर ३७ आणि राजकीय पक्षांवर फक्त २४. म्हणजे तोच माणूस रात्री घाबरला तर पोलिसांना फोन करणार आणि सकाळी पेपर वाचून म्हणणार सगळे सारखेच. दोन्ही खरं आहे.

आणखी एक बघा. अमेरिकेत १९५८ पासून हा प्रश्न विचारतात, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोक म्हणायचे की केंद्र सरकार नेहमी किंवा बहुतेक वेळा योग्य तेच करतं. व्हिएतनामचं युद्ध आणि वॉटरगेट (राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं प्रकरण) यात ते कोसळलं, आणि २००७ नंतर तर ३० टक्क्यांच्या वर गेलेलं नाही. पण त्यातली आतली गोष्ट अशी की राष्ट्राध्यक्ष आपल्या पक्षाचा आला की त्या पक्षाच्या लोकांचा विश्वास वर जातो आणि दुसऱ्यांचा खाली. ऑफिसं तीच, कर्मचारी बहुतेक तेच, नियम तेच. म्हणजे मोजलं काय जातंय? बरंचसं तेच, आमचा जिंकला का.

चूक : कुणावरच विश्वास न ठेवण्याला हुशारी समजणं

सगळ्यावर आंधळा विश्वास आणि सगळ्यावर आंधळा अविश्वास, दोन्हीत एक गोष्ट कॉमन आहे, दोघांनाही तपासायची मेहनत नको असते. ‘सगळे चोर’ म्हटलं की पुढे काही वाचायला लागत नाही. त्यात वर गंमत अशी की असाच माणूस एखाद्या अनोळखी फॉरवर्डवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. तत्त्वज्ञ ओनोरा ओ’नील २००२ पासून हेच सांगतायत की विश्वास वाढवा असं म्हणण्यात अर्थ नाही, विश्वासाला पात्र कोण आहे हे ओळखता आलं पाहिजे. आणि ओळखायचं तर कागद बघायला मिळाले पाहिजेत. स्वीडनने १७६६ मध्येच कायदा करून लोकांना सरकारी कागदपत्रं बघायचा हक्क दिला होता. म्हणून मी आता सरकार चांगलं की वाईट हे विचारण्याआधी विचारतो, आकडे उघड करतात का, ऑडिट होतं का, चूक कबूल करून दुरुस्त केल्याचं एक तरी उदाहरण आहे का, आणि तक्रार केली तर तक्रार करणाऱ्यालाच त्रास होतो का. या चार उत्तरांवरून मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त कळतं.

थोडं ट्रबलशूटिंग

टेस्टमध्ये कायम बरोबर मधे येताय? एकतर तुम्ही खरंच मध्यममार्गी आहात किंवा अर्ध्या मुद्द्यांवर टोकाचे इकडचे आणि अर्ध्यांवर टोकाचे तिकडचे आहात आणि सरासरी मधे पडतेय. ठिपका सोडा, उत्तरं एकेक बघा.

ज्याच्याशी बोलतो त्याचंच पटतं? तुमच्याकडे अजून मत नाहीये आणि ते चालतं. कुठल्या माहितीने माझं मत पक्कं होईल एवढं लिहून ठेवा.

घरातल्या मोठ्यांचं मत तेच आपलं असं होतंय? त्यांना विचारा की तुमचं हे मत कधी आणि कशामुळे झालं. बहुतेक वेळा एक जुना किस्सा निघतो. तो किस्सा त्यांचा आहे, तुम्हाला पटला तर घ्या.

मत सारखं बदलतंय? तारीख टाकून लिहा. माझ्या वहीत सध्या ११ मुद्दे आहेत, प्रत्येकापुढे ते तीन प्रश्न आणि तारीख. त्यातल्या चारांपुढे पहिल्या प्रश्नाची जागा अजून कोरी आहे, आणि एका मुद्द्यावर मी तीनदा खाडाखोड केलीय, शेवटची परवाच.