टीएमसी २२०९: रजिस्टर वाचताना सीआरसी सतत चुकतो (माझा अनुभव)

ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरवरून टीएमसी २२०९ या स्टेपर ड्रायव्हरचं (स्टेपर मोटर चालवणारी चिप) कुठलंही रजिस्टर (चिपमधला माहिती साठवायचा कप्पा) वाचलं की सीआरसी (बाइट नीट पोहोचले का हे तपासायचा शेवटचा बाइट) चुकायचा. लिहिलेल्या कमांड मात्र लागू होत होत्या. करंट कमी केला की मोटरच्या आवाजातला फरक स्पष्ट कळायचा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) ११५२०० वरून ९६०० वर आणला, वायरी बदलल्या, दुसरा ड्रायव्हर लावला. दोन रविवार गेले, डोकं भणभणलं.

मग आलेले बाइट एकेक करून छापले. पहिले चार (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत): ०५ ०० ०० ४८. ही तर मीच पाठवलेली विनंती! या चिपला पाठवायला आणि घ्यायला एकच पिन आहे, त्यामुळे आपलंच बोलणं आधी आपल्याच कानावर येतं. माझा कोड त्यालाच उत्तर समजत होता.

चाललेला क्रम असा. ईएसपीची टीएक्स (पाठवायची पिन) १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ड्रायव्हरच्या पीडीएन-यूएआरटी पिनला जोडा, आरएक्स (घ्यायची पिन) थेट त्याच पिनला. आधी बफर (आलेले बाइट साठतात ती जागा) रिकामा करा. मग ०५, ड्रायव्हरचा पत्ता, रजिस्टर आणि सीआरसी असे चार बाइट पाठवा. परत आलेले पहिले चार वाचून टाकून द्या. पुढचे आठ खरे: ०५, एफएफ, रजिस्टर, डेटाचे चार (वरचा बाइट आधी) आणि सीआरसी. सीआरसी काढताना प्रत्येक बाइटचा सर्वांत खालचा बिट आधी घ्या, इथे हमखास चूक होते.

लिहिताना रजिस्टर क्रमांकात हेक्स ८० मिळवायचे. त्याला उत्तर येत नाही. खात्रीसाठी रजिस्टर ०२ वाचा, प्रत्येक यशस्वी लेखनाला ते एकाने वाढतं. माझ्याकडे ६ चे ७ झाले.