मिरासपत्रं बघायला जाण्याआधी

मिरासपत्र म्हणजे जमिनीच्या वंशपरंपरागत हक्काचा जुना कागद. ओळखपत्र, अर्ज, वही, पेन्सिल हे सांगायला नकोच. मोडी मात्र घरीच घटवून जा. दफ्तरखान्यात बसून अक्षरं लावत राहिलात तर दिवस जाईल आणि एकही कागद पुरता वाचून होणार नाही.

शुहूर सनाचा, म्हणजे या जुन्या कागदांतल्या वर्षगणनेचा, तक्ता घ्या. मागच्या खेपेला माझा तोच राहिला आणि सगळं टिपण वाया गेलं. कागदात सन अरबी शब्दांत असतो, एकं आधी: ‘सीत सलासीन अलफ’ म्हणजे 6, 30, 1000, सन 1036. त्यात 599 मिळवा. जानेवारी ते मे मधला कागद असेल तर 600, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. आला इसवी 1635-36. मी फसलीचे, म्हणजे दुसऱ्याच एका महसुली सनाचे, 590 मिळवले आणि 1626 वर जाऊन बसलो. फरक नऊच वर्षांचा, पण मधे 1630 चा दुष्काळ आहे! माझ्या कागदात पाटील आणि गावकरी गतकुळाची, म्हणजे गाव सोडून गेलेल्या किंवा बुडालेल्या कुळाची, जमीन नव्या माणसाला मिरास करून देतात, तो दुष्काळात उठलेलं गाव पुन्हा वसवण्याचा कागद. मी तो दुष्काळाआधीचा साधा व्यवहार म्हणून नोंदवला. म्हणून तक्ता घ्या, आणि तोही कागदावर. फोन आत नेऊ देतीलच असं नाही. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, हे आठवणीवर सोडू नका. महिना मुसलमानी चांद्र असतो, तो जानेवारीत पडला की जुलैत हे जंत्रीशिवाय, म्हणजे तारखा जुळवून दिलेल्या पुस्तकाशिवाय, कळत नाही. जंत्री तक्त्याच्याच पिशवीत ठेवा.

जमिनीचं मोजमाप: 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चावर.

चतुःसीमा शब्दशः उतरवा. ओढा, वाट, थळाचं (शेताच्या तुकड्याचं) नाव, शेजारच्या मिरासदाराचं नाव, काहीही गाळू नका. थळांची नावं गावात अजून तोंडी असतात, त्यावरून शेत सापडतं. साक्षीही पूर्ण घ्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या असतात. त्या वर्षी गावात कोण नांदत होतं याची अशी हजेरी दुसरीकडे क्वचितच मिळते. त्या वर्षी म्हणजे कोणत्या, ते तक्ता सांगेल.

पाठपान बघा. शिक्के. रुमालाचा, म्हणजे कागद बांधलेल्या बासनाचा, क्रमांक. अस्सल की नक्कल, तेही लिहा. 1852 नंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला पुष्कळ नकला दाखल झाल्या, आणि नकलेत सन चुकू शकतो. शेजारी शक दिला असेल तर 78 (जानेवारी ते मार्चमधल्या कागदाला 79) मिळवून शुहूरशी ताडून पाहा, तिथेच, रुमाल परत बांधायच्या आत.